'नाही' म्हणायचे २९५० रुपये घेतले आणि मी खुशीने दिले : बेलापूरच्या आयात सल्लागाराचा अनुभव

पहिलं सांगून टाकतो, शूटिंगसाठी परदेशातून निकामी रॉकेट लाँचर आणता येईल का हे विचारायला एका सल्लागार साहेबांकडे गेलो होतो, त्यांना ५ पैकी ४ स्टार. एक का कापला ते पुढे येईल. ऑफिसचं नाव टाकत नाहीये कारण साहेबांनीच हात जोडले, म्हणाले नाव नका टाकू हो, आधीच आठवड्याला दोन-तीन फोन असले येतात, कुणाला दुबईवरून तलवार आणायची असते कुणाला नाइट व्हिजन, आणि सगळ्यांना उत्तर फुकट पाहिजे. तर सीबीडी बेलापूर, सेक्टर ११, दुसरा मजला, एवढंच. काम सीएचएचं, म्हणजे बाहेरून आलेला माल कस्टम्समधून सोडवून द्यायचं, कागदोपत्री त्यांना आता कस्टम्स ब्रोकर म्हणतात पण न्हावा शेवा बंदरात अजून सगळे सीएचएच म्हणतात.

आता मी तिकडे का गेलो. मी ठाण्याचा, घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे छोटं गोडाऊन आहे, सिरियल आणि वेब सिरीजवाल्यांना प्रॉपर्टी पुरवतो. प्रॉपर्टी म्हणजे फ्लॅट नाही, नाटकवाले म्हणतात ती प्रॉपर्टी, कंदील, ट्रंका, जुने फोन, तलवारी, वकिलाच्या ऑफिसातली जाडी पुस्तकं (आतून थर्माकोल). यंदा पासष्टच्या युद्धावरच्या एका सिरीजचं काम आलं. डायरेक्टर पोरगा तिशीचा, हुशार आहे, पण त्याच्या डोक्यात एक शॉट बसलेला, जवान खांद्यावर लाँचर घेऊन उसाच्या शेतातून उठतो आणि समोर रणगाडा. मला म्हणतो, "दादा, लाँचर खरा पाहिजे. म्हणजे फुटणारा नको, पण खरा. फोर केमध्ये प्लास्टिक लगेच कळतं." मी म्हटलं बघतो. हे 'बघतो' मला महागात पडणार होतं.

मग रात्री जेवून बसलो शोधत आणि खरंच सांगतो, बाहेरच्या देशात काय काय विकायला असतं बघून डोकं फिरलं. इंग्लंडमध्ये एकाकडे निकामी केलेला कार्ल गुस्ताफ, म्हणजे आपल्या आर्मीत असतो तोच ८४ एमएमवाला, सोबत सर्टिफिकेट. अमेरिकेत एम-७२ लाँचरची वापरून झालेली रिकामी नळी, ६६ एमएमची, ती तर दोनशे-अडीचशे डॉलरला, खाली लिहिलेलं की कागदपत्रं लागत नाहीत. माझा शाळेतला मित्र न्यू जर्सीला असतो त्याला लगेच मेसेज टाकला, तो म्हणाला अरे रिकामा पाइप तर आहे, दिवाळीला येतोय तेव्हा चेक-इन बॅगेत टाकून आणतो. मी म्हटलं थांब जरा, आधी विचारतो कुणाला तरी. आयुष्यात मोजून चार शहाणपणाची वाक्यं बोललो असेन त्यातलं हे एक.

आधी ज्याला विचारलं तो वेगळाच एजंट होता, ओळखीतल्या ओळखीतून मिळालेला, त्याचं नाव गाव सोडा. त्याने फोनवर दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "होऊन जाईल ना शेठ, पाइप फिटिंग म्हणून टाकू. वर थोडा खर्च येईल." आगाऊ पंचवीस हजार मागितले. मी जीपेचं स्क्रीन उघडून बसलेलो, आकडा टाकलेला, आणि बायको मागून म्हणाली, "पाइप फिटिंगला एवढे पैसे? प्लंबर बरा." तिला बाकी काहीच माहीत नव्हतं, ती खरंच बाथरूमच्या कामाबद्दल समजली. पण माझा अंगठा थांबला तो थांबलाच.

मग एका लाइटवाल्याने बेलापूरचा नंबर दिला. कन्सल्टेशन २५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९५०, आधी भरायचे. ठाण्यावरून पनवेल लोकल पकडली, भर पावसाचे दिवस, कोपरखैरण्याला गाडी वीस मिनिटं उभी, तरी साडेअकराची वेळ होती आणि मी अकरा पंचवीसला हजर. आत बोलावलं बारा चाळीसला. हा तो कापलेला स्टार. सव्वा तास बाकड्यावर बसवलं आणि मधे चहा विचारला तो आलाच नाही. साहेब आत फोनवर कुणाच्या तरी कंटेनरचं ग्राउंड रेंट चढत होतं त्यावरून ओरडत होते, सगळं ऐकू येत होतं, मला आता त्या कंटेनरमध्ये काय होतं हेही माहिती आहे (पिस्ते).

पण आत गेल्यावर माणूस वेगळाच. साठीच्या पुढचे, टेबलावर एक जुनं पातळसं पुस्तक, रबरबँड लावलेलं, पेन्सिलने रेघा मारून पानं काळी झालेली. शस्त्र कायदा १९५९. मी मोबाइलवर फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, फोटो बघितला आणि मला एकच प्रश्न विचारला, "हे बनवलं कशासाठी होतं?"

मी म्हटलं, "रणगाडा उडवायला. पण साहेब आता रिकामी नळी आहे ती."

"ते नंतर. कशासाठी बनवलं होतं?"

"रणगाड्यासाठी."

मग त्यांनी कलम २ उघडून पुस्तक माझ्याकडे फिरवलं आणि पेन्सिल एका ओळीवर ठेवली. कायद्यात 'प्रोहिबिटेड आर्म्स' म्हणून एक व्याख्या आहे. आपल्याला वाटतं त्यात फक्त ऑटोमॅटिक बंदुका येतात, ट्रिगर दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात त्या. त्या येतातच. पण पुढे त्याच वाक्यात तोफा, विमानविरोधी आणि रणगाडाविरोधी शस्त्रं अशी थेट नावं घेऊन घातलीत. म्हणजे हा लाँचर 'येतो का नाही' असा वादच नाही, कायदा लिहिणाऱ्याने १९५९ मध्येच रणगाडाविरोधी हा शब्द लिहून ठेवलाय. असली वस्तू जवळ ठेवायची तर कलम ७, केंद्र सरकारची खास परवानगी. पोलीस आयुक्तांकडे आपण बंदुकीच्या लायसनचा अर्ज करतो तो हा विषयच नाही, ठाण्याचे आयुक्त असोत की नवी मुंबईचे, त्यांच्या हातातच नाही.

मी म्हटलं नळी म्हणजे फक्त भाग झाला ना, आत रॉकेट नाही, फायरिंग मेकॅनिझम मोडलेलं. तर त्यांनी पान उलटून फायरआर्मची व्याख्या दाखवली. 'पार्ट्स' तिथे आहेतच, पण त्याच्याही पुढे जाऊन तोफ ज्यावर बसवतात तो गाडा, प्लॅटफॉर्म, ती वाहून न्यायची साधनं, सगळं फायरआर्ममध्येच धरलंय. हे मला खरंच माहीत नव्हतं. मी मनात म्हटलं बरं झालं डायरेक्टरने जीपवरची तोफ अजून मागितली नाही (पुढच्याच आठवड्यात मागितली).

एक फट मात्र आहे आणि ती त्यांनी लपवली नाही, हे मला आवडलं. कलम ४५ मध्ये असं आहे की जुन्या पद्धतीचं, पुराणवस्तू म्हणून किंमत असलेलं किंवा मोडकं शस्त्र, जे दुरुस्त करून किंवा न करता, कसंही बंदूक म्हणून वापरताच येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. मी खुश होऊन सरसावून बसलो. ते म्हणाले, "सरसावू नका. 'दुरुस्त करूनसुद्धा' हा शब्द वाचा. आणि हे ठरवणार कोण? तुम्ही? मी?" मग त्यांनी प्रत्यक्षात काय होईल ते सांगितलं. मी समजत होतो माल न्हावा शेवाला येईल, तर म्हणाले एक नळी कंटेनरने कोण आणतं, ती विमानाने सहारला येणार, एक्सरेमध्ये तिचा आकार दिसला की बाजूला काढणार, पोलिसांना कळवणार, मग तज्ज्ञाचा अभिप्राय पाहिजे म्हणून कलिन्याच्या फोरेन्सिक लॅबला जाणार, आणि रिपोर्ट येईपर्यंत तुम्ही रोज एकेका ऑफिसच्या बाकड्यावर बसणार. "आमच्या बाकड्यावर सव्वा तास बसलात तर तोंड एवढंसं झालंय तुमचं." म्हणजे त्यांना माहीत होतं!

आता 'पाइप फिटिंग'. हे मी जरा घाबरत घाबरतच सांगितलं. साहेब हसले नाहीत. कस्टम्सच्या टॅरिफमध्ये प्रत्येक वस्तूला कोड असतो, ९३ वं चॅप्टर शस्त्रांचं, त्यात ९३०१ मिलिटरी वेपन्स आणि ९३०१ २० म्हणजे रॉकेट लाँचर, फ्लेमथ्रोअर, ग्रेनेड लाँचर, टॉर्पेडो ट्यूब. नावासकट छापलंय. एवढं स्पष्ट घर असताना तुम्ही तिला पाइप फिटिंगच्या घरात बसवली तर चूक झाली असं म्हणायची सोय राहत नाही. माल जप्त तर होतोच, पण जाणूनबुजून खोटं डिक्लरेशन केलं तर कस्टम्स कायद्याच्या ११४ एए कलमात मालाच्या किमतीच्या पाचपट दंड लागू शकतो. आणि हा फक्त कस्टम्सचा भाग. शस्त्र कायद्याचा हिशोब वेगळा, प्रोहिबिटेड शस्त्र बेकायदा जवळ ठेवलं तर पूर्वी कमीत कमी ५ ते जास्तीत जास्त १० वर्षं होती, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त १४. मला म्हणाले संजय दत्तची केस आठवते ना, एके-५६, सुप्रीम कोर्टाने २०१३ ला ५ वर्षं दिली ती जुन्या आकड्यातली कमीत कमी. आज कमीत कमीच ७ आहे. आणि त्या एजंटचा नंबर फोनमधून काढून टाका, तो पकडला गेला तर इम्पोर्टर म्हणून नाव तुमचंच असेल.

मी काढून टाकला. तिथेच, त्यांच्यासमोर.

बरं मग अमेरिकेतला माणूस 'कागदपत्रं लागत नाहीत' म्हणतो तो खोटं बोलतो का? नाही, आणि मला वाटतं आपल्याकडे बहुतेकांची फसगत इथेच होते. तिथल्या कायद्यात 'डिस्ट्रक्टिव्ह डिव्हाइस' म्हणून वर्ग आहे, १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट आणि त्यात १९६८ च्या कायद्याने भर घातली, अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या तोंडाचं शस्त्र (शिकारीच्या शॉटगन वगैरे सोडून) त्यात येतं. चालू स्थितीतला लाँचर सामान्य माणसाला तिथे घेता येतो पण फॉर्म भरा, बोटांचे ठसे द्या, मंजुरीची वाट बघा आणि २०० डॉलर टॅक्स भरा. टॅक्सचा आकडा १९३४ पासून तोच आहे, तेव्हा ही रक्कम म्हणजे डोंगर होता. गंमत म्हणजे लाँचरचा टॅक्स वेगळा आणि प्रत्येक स्फोटक रॉकेटचा वेगळा, पाव औंसापेक्षा जास्त स्फोटक असलं की ते रॉकेटसुद्धा स्वतंत्र डिव्हाइस. शिवाय बाहेरच्या देशातून सरप्लस लाँचर अमेरिकेत आणणं हे तिथल्या सामान्य माणसालाही जवळपास बंदच आहे, आत आधीपासून जे आहे तेच फिरतं. एम-७२ ची गोष्ट वेगळी कारण ती एकदाच वापरायची नळी, उडवली की तिचं काम संपलं, म्हणून रिकामी नळी दुकानात शोभेची म्हणून विकतात. पण हे सगळं *तिथे राहणाऱ्याला*. तिथून बाहेर काढायची म्हटली की लाँचर त्यांच्या युद्धसामग्रीच्या यादीतली वस्तू, त्यांच्या परराष्ट्र खात्याचं एक्सपोर्ट लायसन लागतं. म्हणजे माझा न्यू जर्सीचा मित्र इकडे उतरायच्या आधी तिकडेच अडकला असता. साहेबांनी २०२३ च्या जानेवारीतली गोष्ट सांगितली, टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओच्या एअरपोर्टवर चेक-इन बॅगेत एकाचं ८४ एमएमचं रणगाडाविरोधी शस्त्र सापडलं, न सांगता ठेवलेलं. मी लगेच मित्राला लिंक पाठवली, त्याचं उत्तर आलं, "कॅन्सल कॅन्सल कॅन्सल."

इंग्लंडच्या सर्टिफिकेटचंही तसंच. तिकडे रॉकेट लाँचर १९८८ पासून नाव घेऊन बंदी असलेल्या शस्त्रांत आहे, फक्त जहाजावरून दोर फेकायचे आणि सिग्नलचे वगळलेत. निकामी केलेला असेल तर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसची (बंदुका तपासून शिक्का मारणारी संस्था) खूण आणि सर्टिफिकेट लागतं, मग तो तिकडच्या घरात भिंतीवर टांगता येतो. पण ते सर्टिफिकेट तिकडच्या कायद्याचं आहे, आपल्या कस्टम्सला ते कलम ४५ चं उत्तर म्हणून बांधील नाही. साहेबांची भाषा अशी की "सासरचं रेशनकार्ड माहेरच्या दुकानात चालत नाही." पुरुषाने ही उपमा द्यावी का हा वेगळा मुद्दा, पण डोक्यात बसली.

जहाजावरच्या दोर फेकायच्या यंत्राचं निघालं तर तेही सांगतो, मला माहीतच नव्हतं की प्रत्येक मोठ्या मालवाहू जहाजावर असलं एक यंत्र कायद्याने असतंच, चार वेळा फेकता आलं पाहिजे आणि दोर निदान २३० मीटर गेला पाहिजे. दिसायला बऱ्यापैकी लाँचरसारखं. मी लगेच म्हटलं मग ते घेऊ. साहेबांनी फक्त माझ्याकडे बघितलं. बरं बरं, नाही घेत. त्यातही रॉकेट असतं म्हणे.

त्यांची मूळ कामं तळोज्याच्या भंगारवाल्यांची, त्यामुळे या विषयात एवढे कडक का ते हळूहळू कळलं. २००४ मध्ये गाझियाबादजवळ एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातल्या तोफगोळ्यांचा स्फोट झाला, कामगार गेले. युद्ध झालेल्या देशांतलं भंगार होतं, त्यात जिवंत माल राहिलेला. तेव्हापासून बाहेरून भंगार आणायचं तर बहुतेक वेळा जहाजात चढायच्या आधीच तपासणी करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं की यात दारूगोळा, काडतुसं, किरणोत्सारी असलं काही नाही. ते म्हणाले, "विकणारा रिकामं म्हणतो. ते कामगारसुद्धा रिकामंच समजून भट्टीपाशी उभे होते." यावर मी काही बोललो नाही.

आता या भेटीतला सगळ्यात भारी भाग, आणि तो फीमध्ये नव्हता. ऑफिसात फाइली सांभाळायला एक रिटायर्ड सुभेदार आहेत, साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीमधले. मी निघताना ते दारापाशी म्हणाले, "कोणत्या सालचं पिक्चर आहे?" मी म्हटलं पासष्ट. "आन् चौऱ्याऐंशी आरएल दाखवनार?" (आर्मीत कार्ल गुस्ताफला आरएल म्हणतात, रॉकेट लाँचर.) मी म्हटलं हो. ते इतके हसले की साहेब बाहेर आले. "आरं पासष्टला कुठली चौऱ्याऐंशी! ती आपल्याकडं शहात्तरला आली. आमचं वडील पासष्टला हुते, त्येंच्याकडं साडेतीन इंचीवालं हुतं."

झालं. म्हणजे मी १४ वर्षांच्या जेलची रिस्क घेऊन, पंचवीस हजार देऊन, ज्या युद्धानंतर ११ वर्षांनी आपल्याकडे आलं ते शस्त्र आणायला निघालो होतो.

मग सुभेदारांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून गुंडाळलं आणि खांद्यावर घेऊन दाखवलं. असला लाँचर सहसा एकटा माणूस चालवत नाही, बाजूला भरणारा असतो, तो रॉकेट भरतो, मागे बघतो आणि मग पुढच्याच्या खांद्यावर, नाहीतर हेल्मेटवर थाप मारतो, की भरलं, मागे मोकळं आहे. कारण मागून ज्वाळा निघतात, मागे उभा असेल तो भाजतो, भिंतीला पाठ लावून तर कधीच नाही. ते गुडघ्यावर बसले तेव्हा गुडघा कट्कन वाजला पण कॅलेंडर एक इंच हललं नाही. आमच्या स्क्रिप्टमध्ये जवान एकटाच उसात उठतो आणि त्याच्या मागे ऊसच ऊस. मी तो कागद काढून तिथेच मार्जिनमध्ये लिहिलं, 'लोडर पाहिजे. मागचा ऊस कापा.' जीपवरच्या आरसीएलचंही (रिकॉइललेस, म्हणजे मागे धक्का न देणारी तोफ) त्यांनीच सांगितलं, परमवीर चक्रवाले अब्दुल हमीद यांनी १० सप्टेंबर १९६५ ला खेमकरणला पॅटन रणगाडे फोडले ते याच जीपवरच्या तोफेने, तिला १०६ म्हणतात पण खरं तोंड १०५ एमएमचं, जुन्या दारूगोळ्याशी घोळ होऊ नये म्हणून नाव एक आकड्याने वाढवलेलं. वजन दोनशे किलोच्या वर. नगरच्या रणगाडा संग्रहालयात जा, पॅटन बघून घ्या, मापं लागतील, असंही सांगितलं. या माणसासाठी खरं तर सहावा स्टार पाहिजे.

नंतर साहेबांकडून लेखी सल्ला घेतला, त्याचे वेगळे ४००० अधिक जीएसटी, ४७२० झाले. हे जरा जास्त वाटले, दोन पानी पत्र, आणि तीन वेळा फोन करावा लागला तेव्हा नवव्या दिवशी मेल आला. पण ते पत्र मी प्रॉडक्शनला पुढे पाठवलं आणि डायरेक्टरचं 'खरा पाहिजे' एका मिनिटात बंद झालं, जे मी महिनाभर तोंडाने बोलून झालं नसतं. पत्रात सरळ लिहिलंय की आयात करू नका, इथेच बनवा, आत कसलंही चालणारं मेकॅनिझम ठेवू नका, धातूची नळी टाळा, शूटिंगच्या आधी स्थानिक पोलीस स्टेशनला तारखा आणि वस्तूचे फोटो जोडून प्रॉडक्शनच्या लेटरहेडवर पत्र द्या, आणि सेटच्या बाहेर ती उघडी नेऊ नका. शेवटच्या मुद्द्यावर त्यांनी तोंडी भर घातली होती, उरणचं आठवा म्हणाले. २०१६ च्या सप्टेंबरात शाळेच्या मुलांनी हत्यारबंद माणसं बघितल्याचं सांगितलं आणि नेव्हीपासून पोलिसांपर्यंत सगळं उरण पिंजून काढलं होतं. तुमचा पोरगा पाम बीच रोडला बाइकवरून लाँचर घेऊन चालला तर काय होईल विचार करा.

तर बनवला. वागळे इस्टेटला फायबरवाला आहे आमचा, त्याच्याकडे. शेतीला वापरतात तो ९० एमएमचा पीव्हीसी पाइप घेतला. खऱ्या साडेतीन इंचीचं तोंड आतून ८८.९ एमएम, आमचा बाहेरून ९०, एवढ्याने कॅमेऱ्याला काय कळतंय. वर फायबरचा थर दिला, पकड आणि खांद्याचा टेकू सागवानाचा, ऑलिव्ह रंग मारून कडांना रंग घासून काढला आणि तांब्याच्या ब्रशने ओरखडे ओढले. खरा लाँचर मधोमध सुटा होतो म्हणजे चालताना दोन तुकड्यांत नेता यावा म्हणून, तसा आम्हीही केला आणि त्याचा उपयोग शूटिंगपेक्षा टेम्पोतच झाला. खर्च सगळा मिळून अकरा हजार, दोन नग. वजन एवढं कमी की अॅक्टर तो काठीसारखा उचलत होता, मग आत वाळूच्या दोन पिशव्या टाकल्या तेव्हा त्याचा खांदा खाली गेला आणि शॉट खरा वाटायला लागला. डायरेक्टर मॉनिटरवर बघून म्हणाला, "दादा, शेवटी खरा आणलाच ना?" मी काही बोललो नाही, बिल पाठवलं.

पोलीस स्टेशनला दिलेल्या पत्राची झेरॉक्स टेम्पोत ठेवतो. एकदा ऐरोलीला नाकाबंदीत थांबवलं, हवालदारांनी ताडपत्री वर केली, पत्र वाचलं, पोलीस स्टेशनचा शिक्का बघितला आणि मग नळीवर बोटाने टकटक केलं. "पाइप आहे की हो." हो साहेब, पाइपच आहे.

जाणाऱ्यांसाठी : शनिवारी बंद असतं, लिफ्ट आम्ही गेलो तेव्हा बंद होती, फी आधी ऑनलाइन भरा म्हणजे पावती लगेच मिळते, सकाळची पहिली वेळ घ्या नाहीतर बाकडं आहे, आणि चहा स्टेशनवरच पिऊन जा. सुभेदार दुपारी दोननंतर नसतात.